ग्रंथालये : मालक ते कूळ

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शेतमालाचे भाव, असंघटित कामगारांचे वेतन, पाण्याचे वाटप असे विषय समोर असताना विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी संशोधनपत्रिकांची वर्गणी कोणत्या अटींवर भरावी, ही चर्चा काहींना चैनीची वाटण्याचा संभव आहे. परंतु २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या एकाच बाबीसाठी २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांकरिता मिळून ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, म्हणजे साऱ्या देशाची मिळून एकच वर्गणी, असे या योजनेचे नाव. हा पैसा कोणाला, कशाच्या बदल्यात आणि कोणत्या शर्तींवर दिला जातो, हा प्रश्न खतांच्या अनुदानाइतकाच सार्वजनिक आहे. तो केवळ ग्रंथपालांच्या परिसंवादांत राहिला, याचे कारण त्याची भाषा रुक्ष आहे. त्याचे महत्त्व कमी आहे म्हणून नव्हे.

छापील पत्रिकेचा व्यवहार साधा होता. ग्रंथालय वर्गणी भरी, टपालाने अंक येत, वर्षअखेरीस त्यांची बांधणी होऊन एक खंड कपाटात लागे. पुढील वर्षी पैशाची तंगी झाली तर नवे अंक थांबत. परंतु कपाटातला जुना खंड काढून नेण्याचा अधिकार कोणाला नसे. तो ग्रंथालयाच्या मालकीचा होता. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयासारखे संग्रह पिढ्यान् पिढ्या उभे राहिले ते या मालकीच्या बळावर. इलेक्ट्रॉनिक पत्रिकेत हे सारे उलटले. लेख प्रकाशकाच्या संगणकावरच राहतो. ग्रंथालयाला मिळतो तो केवळ पाहण्याचा परवाना, ठरावीक मुदतीचा आणि ठरावीक माणसांपुरता. पूर्वी ग्रंथालयाकडे खंड असत. आता ते खंड भरते, आणि हा दुसरा खंड कुळाने जमीनदाराला घालावयाचा आहे.

ही उपमा केवळ शब्दांचा खेळ म्हणून येथे घेतलेली नाही. महाराष्ट्रातल्या कुळाला १९४८ च्या कुळवहिवाट अधिनियमाने संरक्षण दिले आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानण्याचे तत्त्व अमलात आले. ग्रंथालयरूपी कुळाला असा कोणताच कायदा नाही. त्याचे हक्क म्हणजे करारनाम्यात जे लिहिले असेल तेवढेच. आणि तो करारनामा बहुतेक वेळा जमीनदारानेच लिहिलेला असतो!

येथे कसणारा कोण आणि पीक कोणाचे, हेही पाहावयास हवे. संशोधन करणारा प्राध्यापक पगार घेतो तो विद्यापीठाचा, म्हणजे बहुतांशी करदात्याचा. तो लेख लिहितो, त्याबद्दल प्रकाशक त्याला मोबदला देत नाही. दुसरे दोन-तीन प्राध्यापक तो लेख तपासून देतात, तेही विनामूल्य. त्यानंतर तोच लेख त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विकला जातो, किंबहुना भाड्याने दिला जातो. प्रकाशकाचे काम शून्य आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. संपादकीय व्यवस्था, मांडणी, जतन, शोधयंत्रणा यांना खर्च येतो. परंतु या क्षेत्रातील सर्वात मोठी कंपनी एल्सव्हिअर हिच्या पालक कंपनीचे, रेलेक्सचे, २०२३ सालचे हिशेब पाहिले तर वैज्ञानिक, तांत्रिक व वैद्यकीय विभागाचे उत्पन्न सुमारे ३०६ कोटी पौंड आणि त्यावरील नफा सुमारे ३८ टक्के आढळतो. शंभर रुपयांच्या विक्रीत अडतीस रुपये नफा मिळवून देणारे धंदे जगात फार थोडे असतील.

असा नफा स्पर्धेच्या बाजारात टिकत नाही. तो येथे का टिकतो, हे अर्थशास्त्राच्या साध्या तत्त्वांनी उलगडते. प्रत्येक लेख एकाच पत्रिकेत छापलेला असतो. एका कंपनीचा साबण महागला तर दुसरीचा घेता येतो. परंतु क्षयरोगावरील अमुक लेख हवा असेल तर त्याऐवजी दुसऱ्या पत्रिकेतला तमुक लेख चालत नाही. म्हणजे प्रत्येक पत्रिका ही स्वतंत्र मक्तेदारी होय. दुसरे असे की, पत्रिका मागतो प्राध्यापक आणि बिल भरते ग्रंथालय. ज्याला किंमत मोजावी लागत नाही त्याची मागणी किंमत वाढल्याने घटत नाही. रॉबर्ट मॅक्सवेलने दुसऱ्या महायुद्धानंतर हे नेमके हेरले आणि पर्गमॉन प्रेसचा डोलारा उभा केला. १९९१ साली तो एल्सव्हिअरला ४४ कोटी पौंडांना विकला गेला. अशा खरेद्या होत होत २०१३ पर्यंत अशी स्थिती आली की, जगातील निम्म्याहून अधिक संशोधनलेख अवघ्या पाच प्रकाशकसमूहांच्या पत्रिकांतून प्रसिद्ध होऊ लागले.

मक्तेदाराची पुढची पायरी म्हणजे गठ्ठाविक्री. १९९६ साली ब्रिटनमध्ये अकॅडेमिक प्रेसने आपल्या साऱ्या पत्रिका एका करारात देण्याची प्रथा सुरू केली आणि लवकरच इतरांनी ती उचलली. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे ग्रंथपाल केनेथ फ्रेझर यांनी २००१ साली या प्रथेला ‘बिग डील’ असे नाव दिले आणि ग्रंथपालांना त्यात न शिरण्याचा इशारा दिला. प्रथमदर्शनी सौदा मोहक असतो. चाळीस पत्रिकांच्या पैशांत चारशे! परंतु नको असलेल्या पत्रिका गठ्ठ्यातून काढता येत नाहीत, दरवर्षी ठरलेली दरवाढ अंगावर येते, आणि एकूण तरतूद वाढत नसल्यामुळे कात्री लागते ती छोट्या प्रकाशकांना, विद्वत्संस्थांच्या पत्रिकांना आणि पुस्तकखरेदीला. इशारा फारसा कोणी ऐकला नाही.

आता किमतीची गोष्ट. एकाच मालाला निरनिराळ्या ग्राहकांकडून निरनिराळा भाव घ्यावयाचा असेल तर ग्राहकांना एकमेकांचा भाव कळता कामा नये. म्हणून प्रकाशक करारात गुप्ततेचे कलम घालतात. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ थिओडोर बर्गस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सार्वजनिक विद्यापीठांकडून माहितीच्या कायद्याखाली हे करार मागितले. वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाने आपला करार देऊ नये म्हणून एल्सव्हिअर २००९ साली न्यायालयात गेली आणि हरली. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आकाराने बरोबरीच्या दोन विद्यापीठांपैकी मिशिगन २००९ साली एल्सव्हिअरला सुमारे २१.६ लाख डॉलर देत होते आणि विस्कॉन्सिन सुमारे १२.२ लाख. फरक मालाचा नव्हता. एकाने घासाघीस केली होती, दुसऱ्याने कमी केली होती, आणि गुप्ततेमुळे दुसऱ्याला ते समजलेच नव्हते. कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०११ साली जाहीर केले की, यापुढे गुप्ततेच्या कलमावर सही केली जाणार नाही. एवढ्या एका ग्रंथालयाच्या निर्धाराने बाजार बदलला नाही, हे खरे. पण सही नाकारता येते, एवढे तरी सिद्ध झाले.

परंतु किंमत ही करारातली एकच बाब. पत्रिका हातात आल्यावर तिचे काय करता येईल हे इतर कलमे ठरवितात, आणि कारभारी मंडळी ती वाचीत नाहीत, कारण अर्थसंकल्पात केवळ आकडा दिसतो. वाचक कोणाला म्हणावे? करारातील ‘अधिकृत वापरकर्ता’ या व्याख्येत निवृत्त शिक्षक, संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थी, दूरशिक्षणाचा विद्यार्थी बसतो की नाही? गावातील डॉक्टर, वकील किंवा कामगारसंघटनेचा कार्यकर्ता ग्रंथालयात येऊन बसला तर त्याला वाचता येईल काय? छापील काळात ग्रंथपालाच्या परवानगीने तो कपाटापर्यंत पोहोचत असे. आता संगणक त्याला संकेतशब्द विचारतो. परदेशी ग्रंथालयांनी आग्रहाने ‘ग्रंथालयात प्रत्यक्ष येणारा वाचक’ असे कलम घालून घेतले आहे. जेथे आग्रह धरला जात नाही तेथे ते येत नाही. एका ग्रंथालयाने दुसऱ्याला लेखाची प्रत पाठवावयाची जी आंतरग्रंथालयीन देवघेवीची जुनी रीत, तिचेही असेच आहे.

सर्वात कळीचे कलम मात्र करार संपल्यानंतरचे. ज्या वर्षांची वर्गणी भरली त्या वर्षांचे अंक पुढे कायम वाचावयास मिळतील काय? मिळणार असतील तर कोठून, प्रकाशकाच्याच संगणकावरून की स्वतंत्र साठ्यातून, आणि त्याचा खर्च कोणी करावयाचा? प्रकाशक बुडाला किंवा पत्रिका दुसऱ्याला विकली गेली तर काय? ही कलमे ढिसाळ असतील तर दहा वर्षे पैसे भरूनही अकराव्या वर्षी कपाट रिकामे. छापील अंक तर गठ्ठ्याच्या भरात केव्हाच बंद केलेले असतात.

करारनामा देशाच्या कायद्यालाही वळसा घालू शकतो, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी छायाप्रत केंद्रावर दावा लावला होता. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधील शिक्षणासाठीच्या सवलतीमुळे अभ्याससाहित्याच्या अशा प्रती काढता येतात. विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी मिळवलेला तो मोठा विजय होता. परंतु तोच मजकूर इलेक्ट्रॉनिक परवान्याने आला आणि परवान्यात अभ्याससंच करण्यास मनाई असली, तर कायद्याने दिलेला हक्क कराराने काढून घेतल्यासारखे होते. ब्रिटनने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून, बिगर-व्यापारी संशोधनासाठी मजकुराचे संगणकीय पृथक्करण रोखणारे करारातील कलम गैरलागू ठरविले. भारतातही याच धर्तीवर, शिक्षणाच्या सवलती कराराने हिरावता येणार नाहीत अशी तरतूद करणे संसदेला अशक्य नाही. या संगणकीय पृथक्करणाचे आजचे रूप म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. ग्रंथालयांच्या करारांत प्रकाशक तिच्यावर बंधने घालू पाहतात. आणि टेलर अँड फ्रान्सिसच्या पालक कंपनीने, इन्फॉर्माने, २०२४ साली मायक्रोसॉफ्टशी करार करून एक कोटी डॉलरहून अधिक प्राथमिक रक्कम घेतली व आपल्या मजकुराचा वापर त्याच कामासाठी खुला केला. लेखकांना कोणी विचारले नाही, अशी तक्रार त्या वेळी अनेक लेखकांनी केली.

भारतात एकेकट्या ग्रंथालयाला या कंपन्यांसमोर उभे राहणे शक्य नव्हते, हे येथील जाणत्या ग्रंथपालांनी लवकर ओळखले. ऊस उत्पादकांनी प्रवरानगरला एकत्र येऊन कारखाना काढला, तोच विचार येथे खरेदीच्या बाजूने झाला. २००३ साली आयआयटी दिल्लीत मुख्यालय असलेला इंडेस्ट हा तांत्रिक संस्थांचा संघ निघाला. २००४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फोनेट योजनेखाली विद्यापीठांना पत्रिका मिळू लागल्या. पुढे महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट आली. २०१५ साली हे तिन्ही प्रवाह गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडून चालविल्या जाणाऱ्या ई-शोधसिंधूत मिसळले. १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडणाऱ्या रंगनाथनांच्या देशाला शोभेल असेच हे काम होते, आणि ते ज्यांनी केले त्यांची नावे वर्तमानपत्रांत फारशी आली नाहीत.

१ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली नवी योजना ही याच वाटेवरची पुढची पायरी आहे, आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक व संशोधक असा तिचा विस्तार सांगितला गेला. वर्षाचे सरासरी २,००० कोटी धरले तर दर वाचकामागे सुमारे १,१०० रुपये आणि दर पत्रिकेमागे सुमारे पंधरा लाख रुपये पडतात. एखाद्या जिल्ह्याच्या गावातील सरकारी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला आयआयटीतल्या विद्यार्थ्याइतकेच दालन खुले व्हावे, ही कल्पना समतेची आहे. ती सरकार कोणाचे आहे यावरून नाकारण्यात अर्थ नाही.

पण जोन रॉबिन्सन यांनी १९३३ सालच्या आपल्या ग्रंथात एकमेव ग्राहकाच्या सामर्थ्याची जी मीमांसा केली, तिच्या कसोटीवर हा सौदा घासून पाहावा लागेल. विक्रेते मोजके असताना ग्राहक एकच झाला तर भाव त्याच्या बाजूने झुकला पाहिजे. तो झुकला की नाही हे कसे कळावे? मंत्रिमंडळाच्या निर्णयाच्या घोषणेत एकूण रक्कम आली. कोणत्या प्रकाशकाला किती, हे आले नाही. संघांची जुनी वर्गणी आणि संस्था स्वतंत्रपणे भरत असलेली रक्कम मिळून आधी किती खर्च होत होता आणि आता किती होतो, याचा प्रकाशकवार तक्ता समोर असल्याशिवाय सवलत मिळाली की केवळ बिल एकत्र झाले, हे ठरवता येणार नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ड) मध्ये व्यापारी गुपितांना सूट आहे. तथापि व्यापक जनहितासाठी ती माहितीही देता येते असे तेच कलम म्हणते. सहा हजार कोटींच्या सरकारी खरेदीहून व्यापक जनहित ते कोणते?

शिवाय योजनेच्या पहिल्या टप्प्यात समावेश झाला तो केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांचा. महाराष्ट्रात उच्च शिक्षणाचा इतिहास वेगळा आहे. येथील बहुसंख्य महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी काढली आणि चालविली. रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी गोरगरिबांच्या मुलांना पदवीपर्यंत आणले ते याच मार्गाने. त्यांचे व्यवस्थापन सरकारी नाही, एवढ्या कारणाने तेथील विद्यार्थ्याचा ज्ञानावरील हक्क दुय्यम ठरता कामा नये. एन-लिस्टखाली सुमारे सहा हजार पत्रिका उपलब्ध आहेत हे खरे. पण सहा हजार आणि तेरा हजार यांत फरक आहे, आणि तो नेमका ग्रामीण विद्यार्थ्याच्या वाट्याला यावा हे विचित्र होय.

एकमेव ग्राहकाचे बळ अखेर एकाच गोष्टीत असते, ती म्हणजे नकार देण्याची तयारी. कामगार चळवळीतल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. स्वीडनच्या विद्यापीठसंघाने ३० जून २०१८ नंतर एल्सव्हिअरशी करार चालू ठेवला नाही. जर्मनीतील बोलणी त्याच वर्षी जुलैत थांबली आणि सुमारे २०० संस्थांनी पत्रिकांवाचून काम चालविले. करार झाला तो थेट सप्टेंबर २०२३ मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठ वर्षाला सुमारे १ कोटी १० लाख डॉलर भरत होते. त्याने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी बोलणी सोडली, जुलैत नव्या लेखांचा पुरवठा बंद झाला, आणि दोन वर्षांनी, मार्च २०२१ मध्ये, त्या विद्यापीठातील लेखकांचे लेख जगाला खुले करण्याची अट मान्य करून कंपनी परत आली. या दोन वर्षांत विद्यापीठ कोसळले नाही, कारण संप आधी बांधलेला होता. ग्रंथपालांनी प्रत्येक विभागात जाऊन हिशेब मांडले होते, प्राध्यापकांची परिषद पाठीशी उभी होती, इतर ग्रंथालयांकडून लेख मिळविण्याची व्यवस्था झाली होती. ३१ प्राध्यापकांनी एल्सव्हिअरच्या सेल प्रेस पत्रिकांचे संपादकीय काम थांबविले. ग्रंथालयाचा लढा प्राध्यापकांनी आपला मानला, येथे सारे मर्म आहे.

या विजयांनाही एक काळी कड आहे. जर्मनीने स्प्रिंगर नेचरशी केलेल्या करारात दर लेखामागे २,७५० युरो मोजावयाचे ठरले. म्हणजे वाचकाचे भाडे गेले आणि लेखकाचे आले. जर्मनीला ते परवडेल. नांदेडच्या किंवा कोल्हापूरच्या संशोधकाला वाचावयास मोकळीक आणि लिहावयास टोल अशी व्यवस्था परवडणार नाही. लॅटिन अमेरिकेने वेगळी वाट धरली. ब्राझीलमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या सायेलोने सार्वजनिक पैशातून पत्रिका वाचकांना विनामूल्य खुल्या केल्या. भारतात दर पत्रिकेमागे वर्षाला पंधरा लाख भाडे भरताना, मराठीतून गंभीर सामाजिक लेखन छापणाऱ्या पत्रिका वर्गणीदारांच्या तुटपुंज्या पैशांवर कशाबशा निघतात, याची नोंद येथे घेतलेली बरी.

चालू योजनेचे तिसरे वर्ष ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपेल. मुदत संपण्याच्या तोंडावर बोलणी सुरू झाली तर प्रकाशकाला घाई नसेल आणि सरकारला असेल. म्हणून प्रकाशकवार रकमा आणि कराराची संपूर्ण कलमे आधीच प्रसिद्ध व्हावीत. २०२५ ते २०२७ या वर्षांचे अंक करार न झाल्यासही कायम वाचता येतील असा स्वतंत्र साठा देशात असावा. अनुदानित महाविद्यालये आणि प्रत्येक जिल्ह्यातील किमान एक सार्वजनिक ग्रंथालय यांचा समावेश व्हावा. हे प्रश्न विधिमंडळात व संसदेत विचारता येतील, विद्यापीठांच्या अधिसभांत ठराव करून पाठविता येतील. अधिसभांवर निवडून गेलेले प्राध्यापक व पदवीधर प्रतिनिधी येथेही बसलेले आहेत. त्यांनी पहिल्याप्रथम आपापल्या विद्यापीठाच्या ग्रंथपालाकडे जाऊन दोन कागद मागावेत : गेल्या पाच वर्षांत ग्रंथालयाने स्वतः सही केलेल्या परवान्यांची यादी, आणि कोणती पत्रिका वर्षभरात किती वेळा उघडली गेली याचा तक्ता. तक्ता प्रकाशकाकडून मागविता येतो, आणि एका वाचनाला किती रुपये पडले हे त्यावरून शाळकरी मुलालाही काढता येईल. ग्रंथपालाचे पद रिक्त असल्याने कागद मिळत नाहीत, असे उत्तर काही ठिकाणी येईल. तसे आले तर अधिसभेतला पहिला ठराव ते पद भरण्याचा असावा.